वसईचा किल्ला: ज्येष्ठ मंडळी आणि वानरसेनेसह एक दिवस (मदत हवी आहे)

गोधडी

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आमच्या गोतावळ्याला एक दिवस कुठेतरी न्यायचं घाटतंय. माणसं चौदा. त्यात बाबा (गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं), सासूबाई (चालतात भरपूर, पण ऊन लागलं की चक्कर), दोन काकू, आणि खाली चार ते तेरा वयातली वानरसेना. पोरांना किल्लाच हवाय. राजगड म्हटलं की ती उड्या मारतात आणि बाबा पेपरात डोकं खुपसतात. रायगडला रोपवे आहे हे माहीत आहे, पण वर पोचल्यावरही चालणं आहेच. जंजिऱ्याला होडीतून दरवाज्याच्या पायरीवर उतरायचं ते बाबांना जमणार नाही. म्हणून सपाटीवरचा किल्ला शोधता शोधता वसईवर येऊन थांबले.

आम्ही डोंबिवलीहून निघणार, दिराचं कुटुंब पुण्याहून येईल. एक दिवस पुरतो का? आत चालायला रस्ता कसा आहे? जेवणाचं काय, आणि मुख्य म्हणजे बायकांची सोय आहे का? शिवाय त्याच दिवशी अर्नाळ्याचा किल्ला जोडता येईल का? नेटवर फोटो ढिगाने आहेत, पण नेमकं कुठून सुरू करून कुठे संपवायचं ते कोणीच सांगत नाही.

सह्यवेडा

वसई? तिथे काय बघणार? चार पडक्या भिंती, प्रत्येक कमानीत एक प्री-वेडिंगवालं जोडपं आणि उरलेल्या जागेत क्रिकेट. त्यापेक्षा कोरीगड करा. पायऱ्या आहेत, तटबंदी शाबूत आहे, पोरं खूश.

गोधडी

पायऱ्या आहेत हीच तर अडचण आहे हो!

पाचूबंदरी

ताई, मी इथलाच, किल्ल्याच्या सावलीत वाढलेला, म्हणून जरा सविस्तर टंकतो.

सह्यवेडा म्हणतात ते रविवारी संध्याकाळी खरं असतं. पण लोक निराश होतात त्याचं कारण वेगळं आहे. मंडळी गडकिल्ला बघायला म्हणून येतात, बुरुज-तोफा-टाकी शोधतात आणि अर्ध्या तासात 'काही नाही इथे' म्हणून परत जातात. वसई हा गड नाहीच. तटाच्या आत वसवलेलं ते अख्खं शहर होतं. पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथून चालायचा. कॅप्टनचा वाडा, बाजारचौक, तुरुंग, दवाखाना, पाच-सहा चर्चं, मठ, श्रीमंतांची घरं, सगळं आत. त्यामुळे शहर बघतात तसं बघा, म्हणजे एका वेशीतून शिरायचं, मुख्य रस्त्याने चालत दुसऱ्या वेशीतून बाहेर पडायचं आणि मधे गल्ल्यांत डोकवायचं.

त्या दोन वेशी म्हणजे जमिनीकडचा दरवाजा आणि दर्या दरवाजा. वसई गावातून येणारा डांबरी रस्ता किल्ल्यातून थेट जेट्टीकडे जातो. रिक्षावाले तुम्हाला त्या रस्त्याने सरळ मधे नेऊन सोडतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण जमिनीकडचा दरवाजा बाजूला राहतो. रिक्षावाल्याला अलीकडेच थांबायला सांगा. हा दरवाजा सरळ नाही. आत शिरलं की रस्ता वळतो, मग दुसरा दरवाजा लागतो. पहिला फोडून आत आलेला शत्रू त्या वळणात वरून मारा खात अडकावा म्हणून ही रचना. पोरांना तिथे उभं करून विचारा, तुम्ही वर असता तर काय केलं असतं. पंधरा मिनिटं सहज जातात.

तिथून पुढे बालेकिल्ला, मग जेझुइटांचं चर्च, फ्रान्सिस्कनांचं सेंट अँथनी, डॉमिनिकनांचा मठ, आणि शेवटी दर्या दरवाज्याजवळ सेंट जोसेफचं कॅथेड्रल. (जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन हे कॅथलिक धर्मगुरूंचे वेगवेगळे संघ.) सगळं सपाटीवर. मुख्य रस्ता बाबांना काहीच त्रास देणार नाही. चर्चांच्या आत मात्र जमीन खडबडीत आहे, तेव्हा काठी असू द्या. तटावर आणि बालेकिल्ल्याच्या बुरुजावर ज्येष्ठांना चढवू नका.

बाकी जेवणाचं रात्री लिहितो, आत्ता निघायचंय.

लोकलची_खिडकी

डोंबिवलीहून दोन पर्याय. मध्य रेल्वेने दादरला येऊन विरार गाडी पकडणं हा एक, पण चौदा जणांना दादरचा पूल पार करायला लावणं म्हणजे सहल तिथेच संपली. दुसरा पर्याय दिव्याहून वसई रोडची मेमू. गाड्या मोजक्याच आहेत, पण कामण-भिवंडी बाजूने जाते आणि सुट्टीच्या दिवशी बसायला मिळण्याची शक्यता बरी. वेळापत्रक बघून घरून निघायचं गणित मांडा. ती चुकली तर पुढचीसाठी बराच वेळ फलाटावर काढावा लागतो.

वसई रोडला उतरून पश्चिमेला या. महापालिकेची बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. किल्ला स्टेशनला लागून नाही, वसई गाव ओलांडून खाडीच्या टोकाला आहे. 'जवळच असेल, चालत जाऊ' असं दीर म्हणतील, त्यांचं ऐकू नका.

पुण्याहून गुजरातकडे जाणाऱ्या काही गाड्या वसई रोडला थांबतात. त्या बघा.

उंटावरचा

गाडीने जाणार असाल तर घोडबंदर रस्ता सकाळी सातच्या आत पार करा, नाहीतर ठाण्यातच डबे उघडावे लागतील.

आणखी एक म्हणजे २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो सुरू झालीय. गाडीसकट बोटीत चढायचं आणि खाडी ओलांडून थेट किल्ल्याच्या पायथ्याशी उतरायचं. पोरांना किल्ल्यापेक्षा तीच आवडेल. फक्त भरती-ओहोटीप्रमाणे फेऱ्यांचं पुढेमागे होतं, आदल्या दिवशी चौकशी करूनच भाईंदर गाठा.

गोधडी

रो-रो! ही माहितीच नव्हती. पण मग आम्ही दर्या दरवाज्याच्या बाजूने आत येणार ना? पाचूबंदरींनी सांगितलेला क्रम उलटा होईल.

पाचूबंदरी

उलटा केलात तरी चालेल, उलट इतिहासाच्या हिशोबाने तोच बरोबर. पोर्तुगीज आले ते पाण्यातूनच. फक्त दर्या दरवाज्याची लाकडी दारं नीट बघा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्यावर लोखंडी खिळे आहेत. मग मुलं विचारतील की समुद्रातून हत्ती कसा येणार. उत्तर तयार ठेवा, माझ्याकडे नाही.

तटबंदी

चांगला धागा. थोडा इतिहास देतो, म्हणजे तिथे गाईड नसला तरी अडणार नाही.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीने जेरीला आला होता. त्याने २३ डिसेंबर १५३४ ला पोर्तुगीजांशी तह केला आणि वसई आणि आसपासची बेटं त्यांच्या पदरात टाकली. मुंबई त्यातच आली. पुढे १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांकडे गेली, वसई मात्र पोर्तुगीजांनी सोडली नाही. तेव्हा त्यांच्या लेखी मोठं गाव वसई होतं, मुंबई नव्हे!

आत सगळ्यात जुना भाग म्हणजे बालेकिल्ला. नुनो द कुन्हा गव्हर्नर असताना, तहानंतर लगेचच तो उभा राहिला. बाहेरचा मोठा तट नंतर वाढत गेला. बालेकिल्ल्याच्या दारावर मान वर करून बघा. पोर्तुगालचं राजचिन्ह, आकाशगोलाची आकृती आणि क्रूस असं कोरलंय. बहुतेक जण त्याच्याखाली उभं राहून सेल्फी काढतात आणि ते फोटोत येतच नाही.

मग १७३७ ते १७३९ ची मोहीम. आधी ठाणं आणि साष्टी, मग वसईला वेढा. चिमाजी आप्पांनी तटाखाली सुरुंग पेरले. काही उडाले, काही उलटले आणि आपलीच माणसं गाडली गेली. खाडी आणि दलदल यांमुळे एकाच अंगाने जोर लावता येत होता, म्हणून रक्तपात फार झाला. 'किल्ला हाती येत नसेल तर माझं मस्तक तोफेत घालून तरी आत पाडा' असं आप्पा म्हणाल्याची कथा सगळ्यांनी ऐकली आहेच. कथा म्हणूनच सांगा. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. त्यांना चीजवस्तू घेऊन, मानाने बाहेर पडू दिलं गेलं, आणि जे राहतील त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली गेली. हा भाग पोरांना जरूर सांगा, तो शाळेच्या पुस्तकात दोन ओळींतही येत नाही.

पुढे डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज जनरल गॉडार्डने किल्ला घेतला, सालबाईच्या तहात तो परत मिळाला आणि मग ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने इथेच इंग्रजांशी तह करून स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेतला. पराक्रमाची वसई आणि लाजेची वसई, मधे जेमतेम ६३ वर्षं.

खडूस_आजोबा

छान लिहिलंत. पण पोर्तुगीजांनी इथे जे अत्याचार केले त्याबद्दल एक अक्षर नाही? आणि ती चर्चं आपल्या लोकांनी फोडली तेच योग्य केलं.

तटबंदी

आजोबा, धर्मांतरं झाली, देवळं पडली, हे खरंच आहे आणि मोहिमेमागे ते एक कारण होतंच. पण 'चर्चं आपण फोडली' हे इतकं सरळ नाही. १६१८ च्या मे महिन्यात प्रचंड वादळ झालं, त्यात वसईची फार पडझड झाली. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी उतरून चर्चं लुटली. वेढ्यात तोफांनी व्हायचं ते झालं. पण खरी वाट लागली ती नंतर. गाव रिकामं झालं, छपरं लाकडी, त्यांची डागडुजी करणारं कोणी नाही. एकदा वासे आणि कौलं गेली की कोकणातला पाऊस भिंतींना सोडत नाही. वरून पिंपळ-वडाची मुळं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या काळात तर आत उसाची लागवड आणि साखरेचा कारखाना काढायचा उद्योग झाला. १८७६ मध्ये डॉ. गर्सन द कुन्हा यांनी वसई-चौलच्या अवशेषांवर पुस्तक लिहिलं, तोवर किल्ल्याची ही दशा होऊन चुकली होती. तेव्हा पाडणाऱ्याचं एक नाव काढता येणार नाही.

खडूस_आजोबा

साखरेचा कारखाना? किल्ल्यात? हे नवीन ऐकतोय.

मीठभाकर

आणि घंटा? चर्चच्या घंटा देवळांत नेल्या ना?

तटबंदी

हो. विजयाची निशाणी म्हणून त्या सरदारांनी नेल्या आणि देवाला वाहिल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळाची घंटा प्रसिद्धच आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीला घाटावरच्या छोट्या देवळात एक आहे, १७०७ ची, तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे. भीमाशंकरलाही आहे. मेणवलीच्या घंटेखाली उभं राहिलेल्या शंभरांतल्या पाच जणांनाही ती कुठून आली ते ठाऊक नसतं.

सह्यवेडा

भीमाशंकरची घंटा वसईची आहे हे माहीत होतं, मेणवलीची नव्हतं. आता वाईला गेलो की बघतो.

खडूस_आजोबा

घंटा नेल्या त्यात गैर काय? आज त्या कोणी परत मागितल्या तर

संपादक मंडळ

धागा सहलीच्या नियोजनाचा आहे, तो भलत्याच वादाकडे नेऊ नये ही विनंती. घंटांवर स्वतंत्र धागा काढल्यास स्वागत आहे. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

मीठभाकर

मूळ प्रश्नाकडे येऊ या. गोधडीताई, बायकांची सोय हा प्रश्न विचारलात म्हणून टाळ्या, कारण पुरुष मंडळी यावर कधीच लिहीत नाहीत. किल्ल्यात भरवशाची सोय आहे असं गृहीत धरू नका. स्टेशनवर किंवा वसई गावातल्या एखाद्या बऱ्या हॉटेलात जाऊन मगच आत शिरा. आत शिरल्यावर दोन-अडीच तासांत बाहेर यायचं असंच ठरवा. काकूंना हे आधी सांगा, नाहीतर त्या सकाळपासून पाणीच पिणार नाहीत आणि मग चक्कर येईल. आमच्याकडे दर सहलीला हेच होतं.

पाणी, टोप्या, ओडोमॉस न्या. सावली आहे पण तुकड्यातुकड्यांत.

पाचूबंदरी

मीठभाकर ताईंना अनुमोदन.

आणखी काही गोष्टी. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलेलं असतं पण उंच असतं. पायवाट सोडून गवतात शिरायचं नाही, साप आहेत. आत जुन्या उघड्या विहिरी आहेत, काहींना कठडा नाही. वानरसेनेला तटाच्या आतल्या झाडीत लपाछपी खेळू देऊ नका, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. एका मोठ्या माणसाकडे दोन पोरं अशी वाटणी करून टाका.

कॅथेड्रलच्या मनोऱ्यात गोल जिना आहे. कधी खुला असतो, कधी कुलूप. खुला असला तरी आत अंधार, पायऱ्या झिजलेल्या आणि वरून उतरणारा माणूस समोर आला की दोघांचीही पंचाईत. मोठी मुलं आणि एक जबाबदार माणूस, बाकीचे खाली.

आता माझी आवडती जागा, जी बहुतेक जण चुकवतात. सेंट अँथनीच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. चालताना पायाखाली येतात आणि कळतही नाही. त्यावर नाव, घराण्याचं चिन्ह आणि साल कोरलेलं आहे. भर दुपारी नुसता काळा दगड दिसतो. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत ऊन आडवं येतं तेव्हा प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक सावली पडते आणि अख्खी ओळ उठून दिसते. 'सेपुल्तुरा' (म्हणजे थडगं) हा शब्द शोधायला सांगा पोरांना, रोमन अक्षरं येणाऱ्याला सहज सापडतो, आणि मग आकडे. कोणाला सर्वात जुनं साल मिळतं त्याची शर्यत लावा. एक विनंती मात्र आहे. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा पावडर चोळू नका. लोक चोळतात, दगड खराब होतो. मोबाईलची बॅटरी जमिनीलगत आडवी धरली तरी तोच परिणाम मिळतो.

उंटावरचा

बॅटरी आडवी धरायची युक्ती भारी आहे. वीरगळ बघताना वापरणार.

लोकलची_खिडकी

गोन्सालो गार्सियांबद्दल कोणीच लिहिलं नाही! भारतातले पहिले कॅथलिक संत, जन्म वसईचा. जेझुइटांकडे शिकले, व्यापारासाठी पूर्वेकडे गेले, मग फ्रान्सिस्कन झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला इतरांबरोबर क्रुसावर मारले गेले. १८६२ मध्ये संतपद मिळालं. किल्ल्यातल्या जेझुइट चर्चचा दर्शनी भाग आजही देखणा आहे, खांब बघण्यासारखे आहेत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांचा सण असतो तेव्हा वसईतली ख्रिस्ती मंडळी किल्ल्यात येतात. आमच्या ऑफिसातली एक मैत्रीण दर वर्षी त्या दिवशी रजा टाकते.

तटबंदी

आणि त्याच तटाच्या आत नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ आहे, तिथे रोज दिवा लागतो. चिमाजी आप्पांचं स्मारक रस्त्यालगत आहे. मे महिन्यात विजयोत्सव असतो. बाहेर कोळ्यांची वस्ती. 'पडका किल्ला' म्हणतो आपण, पण माणसांचा वावर तिथे कधी थांबलाच नाही.

गोधडी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कच्चा बेत असा:

शनिवारी सकाळी साडेसहाला दोन गाड्यांनी डोंबिवलीहून निघायचं, भाईंदरला पहिली सोयीची रो-रो. नऊच्या आत किल्ला. कॅथेड्रल, मग सेंट अँथनी, जेझुइट चर्च, बालेकिल्ला, नागेश्वर, जमिनीकडचा दरवाजा. साडेअकरापर्यंत बाहेर. जेवण कोळीवाड्यात. दुपारी अर्नाळा. संध्याकाळी परत.

दिराला पहाटे पुण्याहून निघून पोचणं जमणार नाही म्हणतोय. त्यामुळे ते आदल्या रात्री आमच्याकडे. म्हणजे आदल्या रात्री चौदा जण दोन खोल्यांत.

पाचूबंदरी

बेत छान. तीन दुरुस्त्या सुचवतो.

क्रमात सेंट अँथनी पहिलं घ्या, कॅथेड्रल नंतर. ऊन तुमच्यासाठी थांबणार नाही, मनोरा कुठे जात नाही. थोडं उलटसुलट चालणं होईल, पण तेवढं अंतर नाही. ज्येष्ठांना गाडीने सेंट अँथनीजवळच्या रस्त्यापर्यंत न्या.

अर्नाळा काढून टाका. तो किल्ला बेटावर आहे, म्हणजे परत गाडी, परत होडी, आणि होडीतून उतरताना पाण्यात पाय टाकावे लागतात. ज्या कारणाने जंजिरा बाद केलात त्याच कारणाने हाही बाद. शिवाय दुपारच्या उन्हात. अर्नाळ्याच्या दरवाज्यावरचे हत्ती-वाघ बघण्यासारखे आहेत, पण त्यासाठी वेगळा दिवस काढा, बाबांना घरी पेपर वाचू द्या.

आणि जेवण. त्या शनिवारी काय आहे ते कॅलेंडरात बघितलंत का?

गोधडी

थांबा, बघते.

संकष्टी आहे. 🤦

मीठभाकर

कोळीवाड्यात नेऊन संकष्टीला साबुदाणा खिचडी! काकू काय म्हणाल्या?

गोधडी

काकू म्हणाल्या देवाला चालेल पण मला चालणार नाही. सासूबाई म्हणाल्या त्यांना मुळात मासेच चालत नाहीत. बाबा म्हणाले संकष्टी चंद्रोदयाला सुटते, तोवर थांबू या. रविवार करू का मग?

सह्यवेडा

रविवार केलात तर मी पहिल्या प्रतिसादात जे लिहिलं ते सगळं दिसेल. जोडपी, ड्रोन, धूर सोडणारी नळकांडी आणि नवरीचा दहा फुटी घेर.

पाचूबंदरी

रविवार चालेल, पण साडेआठला आत आणि अकराला बाहेर. शूटिंगवाले सकाळच्या कोवळ्या उन्हात येतात हे खरं, पण ते बहुतेक कॅथेड्रल आणि जेझुइट चर्चच्या कमानी अडवतात. सेंट अँथनीच्या थडग्यांशेजारी नवरीला उभं करायला कोणी धजत नाही, ती जागा तुम्हाला मोकळी मिळेल.

पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. मोबाईलने, साध्या कॅमेऱ्याने फोटो काढायला कोणी काही म्हणत नाही. ट्रायपॉड, दिवे वगैरे लवाजमा नेलात तर परवानगी मागतील.

उंटावरचा

सोमवारी एखादी सुट्टी काढता आली तर उत्तम. किल्ला रिकामा आणि रो-रोलाही गर्दी नाही.

गोधडी

शाळा, ऑफिसं, दिराची मीटिंग... रविवारच. अर्नाळा बाद. जेवण दोन भागांत: शाकाहारी मंडळी वसई गावातल्या हॉटेलात, आम्ही मासेवाले कोळीवाड्यात. सासूबाई म्हणाल्या एकाच सहलीला जाऊन दोन ठिकाणी जेवायचं म्हणजे कमाल आहे. पण त्यांनीच हॉटेल शोधायला सुरुवात केलीय.

मीठभाकर

जाऊन आल्यावर वृत्तांत टाकाच. आणि सुकेळी (वसईची सुकवलेली केळी) आणायला विसरू नका.

गोधडी

वृत्तांत, थोडक्यात. (पोरं झोपली आहेत तोवर टंकते.)

रो-रो जमली. बोटीत गाडीच्या बाहेर उभं राहून वारा खाताना बाबा पहिल्यांदा म्हणाले की बेत बरा आहे. नऊच्या थोडं आधी आत होतो.

सेंट अँथनी आधी केलं ते फार म्हणजे फारच बरं केलं. आडव्या उन्हात शिळा खरोखर वाचता येत होत्या. तेरा वर्षांच्या पुतणीने 'सेपुल्तुरा' शोधला आणि मग सगळी गँग गुडघ्यावर. सर्वात जुनं साल शोधायची शर्यत मारामारीपर्यंत गेली, कारण एकाने ६ वाचला आणि दुसऱ्याने ५. बाबांनी चष्मा काढून, काठी बाजूला ठेवून, खाली वाकून निकाल दिला: ६. वाकले तसे उठता येईना, मग दोघांनी धरून उठवलं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना हे कळता कामा नये.

शिळांवर कोणीतरी खडू फासलेलाच होता. एका शिळेवर बदाम आणि दोन नावं. ते बघून पोरंच चिडली.

जेझुइट चर्चच्या कमानीत सह्यवेडांनी सांगितलेली नवरी होतीच, घेरासकट. आम्ही खांब बघत होतो तर फोटोग्राफर म्हणाला 'आंटी, जरा फ्रेममधून'. सासूबाई हलल्या नाहीत. म्हणाल्या, हा खांब चारशे वर्षं इथे आहे, तुझी फ्रेम हलव. (खांब किती जुना ते तटबंदी सांगतीलच, पण त्या क्षणी आम्हाला फार अभिमान वाटला.)

मनोऱ्याचा जिना बंद होता. बालेकिल्ल्याच्या दारावरचा आकाशगोल सापडला, फोटोत आणला. जमिनीकडच्या दरवाज्याच्या वळणात पोरांनी वरून मारा करायचा खेळ केला. मारा खायला दीर. हत्ती समुद्रातून कसा येईल याचं उत्तर चार वर्षांच्या धाकट्याने दिलं: पोहत.

मीठभाकर ताई, वसई गावात थांबून मग आत जा हा सल्ला उलटीकडून आल्यामुळे पाळता आला नाही, पण भाईंदरलाच सगळं उरकून घेतलं होतं. दोन तासांत बाहेर पडलो. काकू पाणी प्यायल्या!

तटबंदी

झकास वृत्तांत. सासूबाईंना सांगा, चारशे चुकीचं नाही.

खडूस_आजोबा

वाचून मलाही जावंसं वाटतंय. माझं वय ७८. सेंट अँथनीपर्यंत गाडी जाते हे नक्की का?

गोधडी

आजोबा, डांबरी रस्त्यावर उतरून थोडं चालावं लागतं, जमीन खडबडीत आहे, काठी हवीच. बाबांना जमलं. बसायला छोटं घडीचं स्टूल न्या, आत बाक नाहीत, आम्हाला ती एक गोष्ट फार जाणवली.

मीठभाकर

आणि सुकेळी??

गोधडी

वसई गावात एका दुकानात मिळाली. आणली तेवढी गाडीतच संपली, घरी नुसती पिशवी पोचली. दुकानाची खूण व्यनि करते.